पान साडूंच्या फोनवर आधी उघडलं, म्हणून…

पत्र: सप्रेम नमस्कार. जूनमध्ये मी चोवीस हजारांचा अँड्रॉइड फोन घेतला. गणपतीत साडू सहकुटुंब आले होते. त्यांच्याकडे तीन वर्षं वापरलेला आयफोन आहे. जेवणं झाल्यावर त्यांनी दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि एका मराठी वर्तमानपत्राची वेबसाइट दोन्हीकडे एकदम उघडायला लावली. त्यांची आधी उघडली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. ‘स्वस्तात घेतलं की असंच व्हायचं,’ असं सगळ्यांदेखत म्हणाले. ते एक वेळ सोडा, पण मुलगी तिथेच बसली होती. ती यंदा बारावीला आहे. सीईटीचा फॉर्म, निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या, सगळं फोनवरच. आता तिला आयफोनच हवा, हप्त्यावर घेऊ म्हणते, कारण ‘त्यात वेबसाइट लवकर उघडते’. भाचा म्हणतो, दोन्हीकडे क्रोम टाका आणि मग तुलना करा. यूट्यूबवर बघावं तर एका व्हिडिओत आयफोन जिंकतो, दुसऱ्यात अँड्रॉइड. खरं काय मानायचं? माझा फोन विकून टाकू का?
एक वाचक, मिरज

उत्तर:

नमस्कार.

फोन विकू नका. जूनमध्ये घेतलेल्या फोनचे आज जे पैसे येतील, ते ऐकून साडूंच्या बोलण्यापेक्षा जास्त वाईट वाटेल. मुलीसाठीही निव्वळ ब्राउझरच्या वेगापायी हप्ते मागे लावून घेऊ नका. साडूंचा दावा अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आयफोनच्या चिपला या कामात खरोखर आघाडी आहे. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी तुमच्या बैठकीच्या खोलीत जे दिसलं ते त्या आघाडीमुळेच दिसलं का? मला तसं वाटत नाही.

वेबसाइटच्या नावावर बोट ठेवल्यापासून बातमी वाचायला मिळेपर्यंत काय काय घडतं ते बघा. फोन आधी त्या नावाचा पत्ता विचारतो, मग सर्व्हरशी जोडणी करतो, मग ती जोडणी सुरक्षित करून घेतो, आणि तेव्हा कुठे पानाची मागणी जाते. प्रत्येक टप्प्याला निरोप जाऊन परत यावा लागतो. ४जीवर परिस्थिती चांगली असेल तर अशा एका फेरीला साधारण ५० मिलिसेकंद लागतात, आणि सणाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली मोबाइलवर असेल तर त्याच्या कितीतरी पट. या सगळ्या वेळात तुमचा फोन काय किंवा साडूंचा काय, नुसता वाट बघत बसलेला असतो. चिप कितीही महाग असली तरी निरोप त्यामुळे लवकर येत नाही.

पान आल्यावर फोनचं खरं काम सुरू होतं. आपल्याकडच्या बातम्यांच्या वेबसाइटवर बातमीचा मजकूर असतो मूठभर. त्याच्यासोबत जाहिराती आणणाऱ्या, तुमची नोंद ठेवणाऱ्या, आपोआप व्हिडिओ सुरू करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, म्हणजे फोनवर चालवाव्या लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, फायलींचा ताफा येतो. कोणती जाहिरात दाखवायची याचा तर त्याच क्षणी लिलाव चालतो, आणि दोन फोनांवर दोन वेगळ्या जाहिराती लागतात. एकावर साधं चित्र, दुसऱ्यावर हलता व्हिडिओ. म्हणजे तुम्ही दोघांनी पत्ता एकच टाकलात, तरी दोन्ही फोनांच्या वाट्याला आलेलं काम सारखं नव्हतं.

आता साडूंना विचारायचे प्रश्न. दोन्ही फोन एकाच वायफायवर होते का, की प्रत्येकाचं आपापलं सिम चालू होतं? तसं असेल तर तुम्ही दोन कंपन्यांच्या टॉवरची शर्यत लावलीत आणि निकाल फोनच्या नावावर टाकलात. ते वर्तमानपत्र साडू रोज वाचतात का? वाचत असतील तर पानाचे बरेचसे भाग, म्हणजे बोधचिन्ह, अक्षरांचे साचे, स्क्रिप्ट, त्यांच्या फोनमध्ये आधीपासून साठवलेले असणार. त्यातून आयफोनच्या सफारी या ब्राउझरमध्ये एक सोय आहे: नाव टाइप करायला लागलं, की सगळ्यात वरचा अंदाज ती गुपचूप आधीच उघडायला घेते. रोजची वेबसाइट असेल तर दोन अक्षरांतच अंदाज बरोबर येतो, आणि बोट टेकण्यापूर्वी निम्मं पान उतरलेलं असतं. अशी सोय क्रोममध्येही आहे, पण तुमच्या फोनला तुमच्या सवयी कळायला जरा वेळ लागतो. तिसरा प्रश्न: त्यांनी जाहिराती अडवणारं काही टाकलंय का? आयफोनमध्ये सफारीला असे अडथळे जोडण्याची सोय २०१५ पासून आहे. भाच्यासारख्या एखाद्याने ते कधीतरी टाकून दिलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

अशा तुलनेत भलेभले फसलेत. मार्च २०११ मधली गोष्ट सांगतो. कॅनडातल्या ब्लेझ नावाच्या एका कंपनीने आयफोन ४ आणि गूगलचा नेक्सस एस या दोन फोनांची अशीच शर्यत लावली. मोठमोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या हजार वेबसाइट घेतल्या, वायफायवर एकूण ४५,००० वेळा पानं उघडली. अँड्रॉइडचा मधला आकडा २.१४४ सेकंद, आयफोनचा ३.२५४ सेकंद. अँड्रॉइड ५२ टक्क्यांनी वेगवान, असे मथळे जगभर झळकले. एवढी मोठी चाचणी म्हटल्यावर कोण शंका घेणार?

ॲपलने घेतली. त्यांचं म्हणणं, यात सफारी तपासलेलीच नाही. आणि ते खरं होतं. इतक्या वेळा बोटाने पानं उघडणं शक्य नाही, म्हणून ब्लेझने स्वतःचं एक ॲप बनवलं होतं आणि त्या ॲपच्या पोटात पानं उघडली होती. ॲपमध्ये पान दाखवायचा भाग ॲपलच पुरवतं, तेव्हा तो सफारीसारखाच असणार असं ब्लेझवाले धरून चालले. पण नेमकं त्याच महिन्यात आलेल्या आयओएस ४.३ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली) ॲपलने सफारीला नायट्रो नावाचं नवं, वेगवान जावास्क्रिप्ट इंजिन दिलं होतं, आणि इतर ॲपना दिलेलं नव्हतं. हे इंजिन स्क्रिप्टचं जागच्या जागी यंत्रभाषेत रूपांतर करून ती चालवतं. त्यासाठी लागणारी मुभा सुरक्षेच्या कारणाने ॲपलने फक्त सफारीला ठेवली होती. बाकी ॲपपर्यंत तो वेग पोचायला २०१४ साली आयओएस ८ यावं लागलं. थोडक्यात, ४५,००० वेळा मोजलं आणि मोजायचं तेच राहून गेलं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिला फारसे मथळे मिळाले नाहीत: खास मोबाइलसाठी बनवलेली पानं घेतली, तर दोन्ही फोनांतला फरक जवळपास मिटत होता. वेबसाइट कशी बांधलीय यावरच बरंच ठरत होतं, आणि आजही ठरतं.

भाच्याचा सल्ला ऐकायला रास्त वाटतो, पण तोही याच खड्ड्यात नेणारा आहे. आयफोनवरचं क्रोम हे तुमच्या फोनवरचं क्रोम नव्हे. आयफोनवर कुठलाही ब्राउझर टाकला तरी आत पान उभं करणारं इंजिन ॲपलचं वेबकिट हेच असावं लागतं, असा ॲपलचा नियम आहे. युरोपीय संघाने नवा कायदा करून मार्च २०२४ पासून तिथे सूट मिळवली, आपल्याकडे ती नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये गूगलचं ब्लिंक असतं. गंमत म्हणजे २०१३ साली ब्लिंक वेबकिटमधूनच वेगळं निघालं, म्हणजे दोघांचं घराणं एकच. पण वाटण्या होऊन आता बरीच वर्षं झाली. दोन्हीकडे क्रोम टाकून भाचा नाव सारखं करील, इंजिन नाही.

यूट्यूबवरच्या व्हिडिओंचं काय करायचं? करमणूक म्हणून बघा. बहुतेक व्हिडिओंत फोन नवाकोरा, थंड, पूर्ण चार्ज केलेला आणि उत्तम वायफायवर असतो. पान ‘उघडलं’ कधी म्हणायचं, हेही प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. कुणी पहिला मजकूर दिसला की घड्याळ थांबवतो, कुणी वरची निळी पट्टी पूर्ण झाली की. ही पट्टी तर निव्वळ मनाच्या समाधानासाठी असते. मजकूर वाचून संपला तरी कुठली तरी जाहिरात येतेच आहे म्हणून ती रेंगाळलेली असते.

काही व्हिडिओंत आकडे देणाऱ्या चाचण्या असतात. त्यांचाही एक इतिहास आहे. सनस्पायडर नावाची चाचणी २००७ साली वेबकिटवाल्यांनीच काढली, मग २०१० मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने क्रॅकन आणली, २०१२ मध्ये गूगलने ऑक्टेन. ज्याने त्याने आपली पट्टी आणायची आणि आपल्याच उंचीचं कौतुक करायचं, असा तो काळ होता. पुढे ब्राउझर बनवणारे ऑक्टेनमध्ये आकडा वाढावा एवढ्यासाठीच बदल करू लागले. खऱ्या वेबसाइटना त्याचा उपयोग होईना, तेव्हा २०१७ मध्ये गूगलने स्वतःच ती बंद केली. फोनवाले काही मागे नव्हते. २०१३ मध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस ४ च्या एका आवृत्तीबद्दल आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटने उघड केलं, की ठराविक चाचण्यांची ॲप चालू झाली की त्याची ग्राफिक्स चिप ५३२ मेगाहर्ट्झवर पळते, एरवी ४८० वर. ती ग्राफिक्सची भानगड होती, ब्राउझरची नव्हे. पण इन्स्पेक्शनच्या दिवशीच टापटीप दिसणारी शाळा आपण सगळ्यांनी पाहिली आहे, त्यातलाच हा प्रकार.

सध्या त्यातल्या त्यात विश्वासाची म्हणजे स्पीडोमीटर. तिची तिसरी आवृत्ती मार्च २०२४ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी मिळून काढली. चार प्रतिस्पर्धी एका पट्टीवर सही करतात तेव्हा ती पट्टी बऱ्यापैकी सरळ असणार. कामांची यादी भरणं, खोडणं, मजकूर टाइप करणं अशी नेहमीची कामं ती पानावर भराभर करून बघते आणि आकडा देते. नेटवर्कचा वेग मात्र ती मोजत नाही. तुमच्या पत्रातला अर्धा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो तो इथे.

या चाचणीत तुमच्या दोन फोनांपैकी साडूंचा पुढे येईल, अगदी तीन वर्षांचा असला तरी, अशी माझी अटकळ आहे. वेबपानाचं जावास्क्रिप्टचं काम बहुतांशी एकाच धाग्यावर, म्हणजे चिपच्या एकाच गाभ्यावर चालतं. खोक्यावर ‘आठ कोअर’ असं कितीही ठळक छापलेलं असलं तरी या कामात सात जण उभे राहून एकाचं काम बघतात. ॲपलने वर्षानुवर्षं त्या एका गाभ्यावर मेहनत घेतली. वीस-पंचवीस हजारांच्या अँड्रॉइडमधल्या चिपला ते जमत नाही, त्या किमतीत जमण्यासारखंही नाही. साठ-सत्तर हजारांच्या पुढच्या अँड्रॉइड फोनांनी मात्र हे अंतर अलीकडे बरंच कमी केलंय. हे तुम्हाला जाणवेल कुठे? जड पानांवर, खूप जाहिराती असलेल्या पानांवर, मोठ्या तक्त्यांवर, नकाशांवर. विकिपीडियाचं पान, रेल्वेच्या गाडीची वेळ, एखादा शासननिर्णय उघडताना फरक शोधून काढावा लागेल.

साडूंना उत्तर द्यायचंच असेल तर दिवाळीत पुन्हा शर्यत लावा, पण नियम तुमचे. दोन्ही फोन एकाच वायफायवर. दोन्हीकडे बॅटरी वाचवण्याची सोय बंद, कारण ती चालू असली की चिप मुद्दाम हळू चालते. त्यांच्या आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येतही बघून घ्या. थकलेल्या बॅटरीच्या जुन्या आयफोनांचा वेग आपण कमी करतो हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं, तेव्हा त्यांच्यावरही अन्याय नको. पान खाजगी टॅबमध्ये उघडा, म्हणजे आधी साठवलेलं काही कामी येणार नाही. प्रत्येक फेरीला आधीचे सगळे खाजगी टॅब बंद करून नवा उघडा. एका वेबसाइटवर भागवू नका. एक बातम्यांची, एक बँकेची, एक सरकारी, एक खरेदीची अशा घ्या, आणि आलटून पालटून पुष्कळदा उघडा. एकच फोन दर वेळी आधी दाबला जाणार नाही हे बघा. घड्याळ तेव्हा थांबवायचं, जेव्हा बातमीचा पहिला परिच्छेद वाचता येतो आणि बोटाने पान सरकतं. डोळ्यांचा भरवसा वाटत नसेल तर तिसऱ्या फोनवर स्लो मोशनमध्ये दोन्ही पडदे एकत्र टिपा. मग वायफाय बंद करून हेच सिमवर करा, आणि सिमं अदलाबदल करून पुन्हा एकदा. सिमं बदलल्यावर निकालही बदलला, तर तो निकाल कोणाचा होता हे कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

आता मुलीचं. मला खरी काळजी तिच्या फॉर्मची आहे, आणि त्यात वेगाचा भाग फार थोडा आहे. निकालाच्या दिवशी एकाच मिनिटाला लाखो मुलं एकाच सर्व्हरवर धडकतात. तिथे आयफोनवरही चाक फिरत राहतं आणि अँड्रॉइडवरही. फोन बदलून त्या रांगेत पुढचा नंबर मिळत नाही.

फॉर्म भरताना घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. अर्धा फॉर्म भरला, ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलं, तिथून फोटोचा आकार लहान करायला दुसऱ्या ॲपमध्ये गेलं, परत येऊन बघावं तर पान कोरं. मेमरी कमी पडली की फोन मागे राहिलेला टॅब गुंडाळून ठेवतो, आणि परत आल्यावर तो पहिल्यापासून उघडतो. हे आयफोनवरही घडतं. ४ जीबी रॅमच्या स्वस्त फोनवर मात्र फार घडतं. म्हणून तिच्यासाठी अँड्रॉइड घेताना ८ जीबी रॅम बघा. साठवणूक यूएफएस प्रकारची आहे ना, हे विचारा. जुन्या ईएमएमसी प्रकारच्या साठवणुकीवर फोन भरत आला की सगळंच जड चालतं. रॅमच्या पुढे ‘+८ जीबी व्हर्च्युअल’ असं छापलेलं असेल तर ते नसल्यासारखंच धरा.

अद्ययावत राहण्याचं गणितही दोन्हीकडे वेगळं आहे, आणि हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून वेगळं अद्ययावत होत राहतं, फोनची मूळ प्रणाली जुनी झाली तरी काही वर्षं चालतं. सफारी आयओएसबरोबरच येते. म्हणून कमी पैशांत आयफोन मिळावा म्हणून कुणी फार जुनं, वापरलेलं मॉडेल सुचवलं, तर त्याला आयओएसची नवी आवृत्ती अजून मिळते का हे आधी तपासा. ती थांबली असेल तर आतलं वेबकिटही तिथेच थांबलं, आणि वर क्रोम टाकूनही सुटका नाही.

मुलीला आयफोन कॅमेऱ्यासाठी हवा असेल, मैत्रिणींकडे आहे म्हणून हवा असेल, तर ती इच्छा काही गुन्हा नाही. तिला तसं सरळ म्हणू द्या आणि तुम्हीही सरळ हिशेब मांडा. वेबसाइटच्या वेगाचं कारण मात्र तिच्याकडून स्वीकारू नका.

तुमच्या स्वतःच्या फोनसाठी दोन-तीन गोष्टी करा, फरक दिसेल. ‘रॅम बूस्टर’, ‘क्लीनर’ असली ॲप टाकली असतील तर आजच काढा. रोज कॅशे साफ करायची सवय असेल तर सोडा. त्याने पान हळू उघडतं, कारण साठवलेलं सगळं पुन्हा आणावं लागतं. फोनची जागा गच्च भरू देऊ नका. बातम्यांसाठी फायरफॉक्स टाका आणि त्याला युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं विस्तारक जोडा. अँड्रॉइडवर फायरफॉक्सला अशी जोडणी चालते, क्रोमला चालत नाही. ज्या पानावर साडू जिंकले, तेच पान मग उघडून बघा. जाहिरातींवर वर्तमानपत्रं चालतात हे मला ठाऊक आहे, या सदराचं मानधनही त्यातूनच येतं. तेव्हा जे वर्तमानपत्र आवडतं त्याची वर्गणी भरा आणि मग खुशाल जाहिराती अडवा.

आणि फॉर्मसाठी शेवटचं. नव्या आयफोनच्या आणि ८ जीबीच्या बऱ्या अँड्रॉइडच्या किमतीत जो फरक पडतो, त्यात वापरलेला पण चांगल्या स्थितीतला लॅपटॉप मिळतो. प्रवेशाच्या पसंतीक्रमाची लांबलचक यादी सहा इंची पडद्यावर बोटाने वरखाली करण्यापेक्षा लॅपटॉपवर भरलेली बरी. कॉलेजचे कोड डोळ्यांसमोर एकाखाली एक दिसतात, आणि ओटीपी फोनवर आला तरी फॉर्म जागचा हलत नाही. सांगली-मिरजेत असे लॅपटॉप विकणारी दुकानं आहेत. हमी लेखी घ्या, बॅटरी स्वतः तासभर चालवून बघा, आणि एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणूक, असलेलाच घ्या.